तहानलेले खांब

कुणी हे वाचलंच, तर माझ्या शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडं अक्षर माफ करावं. मोरव्यातल्या आमच्या घराचे लाकडी खांब काढून लोखंडी लावायचं ह्यांनी ठरवलं होतं. मला ते खांब जाऊ द्यायचे नव्हते, म्हणून मी नणंदेकडून पैसे उसने घेऊन एका पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने जवसाचं तेल आणलं.

मी विचारलं, "चटणीचं जवस?"

"तेच ताई, पण आता खांब खाणार!"

तो तेल चोळायचा, जास्तीचं पुसायचा आणि चिंधी लगेच पाण्यात बुडवायचा. तेलकट चिंधी आपोआप पेटते म्हणे.

हे वैतागले, "वार्निश मार नि मोकळा हो!"

"दादा, लाकूड तहानलंय. निवांत पाजू द्या."

तिसऱ्या हातानंतर खांब मधासारखे दिसू लागले. ह्यांनी खांबाला टेकून चहा घेतला आणि संध्याकाळी स्वतः जाऊन नणंदेचे सगळे पैसे फेडले.