मालकाच्या पुढे उभी बाई

महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत धाड गावच्या शाळेत मी रांगेत होतो. माझ्यापुढे एक मजूर बाई. शाई लावायचं बोट तिनं आधीपासूनच जपून वर धरलेलं. माझ्या मागून तिचे मालक शिकवू लागले, “इंग्लंडात आधी पैसेवाल्याइले मत भेटलं. शेतमजुराले पन्नास वर्षांनी, बायाइले त्याच्याही बाद. आपन सगळ्याइले एकदमच देऊन बसलो!”

मताचा हक्क मागितला म्हणून तिथले मजूर तुरुंगात गेले, हे मात्र त्यांनी गिळलं.

बाई वळली. “मालक, तुमचा हरभरा सोंगाले माह्ये हात चालते, मंग ठप्पा माराले काऊन नाही?”

“उद्यापासून वावरात पाय ठेवू नको!”

“हाव, नाही ठेवत,” म्हणाली आणि रांगेत पुढे सरकली.