ताट वेगळं, खिडकी बंद

मंडळी, आज डोकं फिरलंय. मिठबावला काकांना बघायला गेले होते. त्यांना टीबी झालाय, गोळ्या चालू आहेत. काकीने त्यांचं ताट-पेला वेगळं केलंय, आणि एवढ्या उकाड्यात खोलीची खिडकी मात्र घट्ट बंद!

"काकी, खिडकी उघड. ह्यो रोग ताटान नाय, हवेन पसरता."

"गप गो! खोकलो शेजाऱ्यांका आयकाक येतलो. चेडवाचा लगीन जमवचा आसा."

ती मुलगी त्याच खोलीत झोपते! दोघींना तपासणीला चला म्हटलं, तर काकी म्हणते, "आमका काय धाड भरली?"

शेवटी खिडकी मीच उघडली. काका मला सोडायला फाटकापर्यंत आले. काका माझ्या शेजारीच उभे, आणि वळून बघते तर खिडकी परत बंद, आणि आतून खोकल्याचा आवाज.

आता हा कुठे लपवायचा, सांगा?