दादाचं दुखणं, दहापैकी चार

दादाला जाऊन दोन महिने झाले. लोक भेटायला येतात अन् गप्प बसतात. मला गप्प बसवत नाही. मग भंडाऱ्याच्या पेन क्लिनिकचे किस्से निघतात. आई डोळे वटारते, पण पदराआड हसते. ट्रॅक्टरवरून पडल्यापासून दादाची पाठ दुखायची. वर्षभर दर मंगळवारी मी त्याला सिहोऱ्याहून गाडीवर न्यायचो. किस्से साठणारच! गेला मात्र हार्टने. आम्ही आपले पाठीचा इलाज करत राहिलो!

*

तिथल्या डॉक्टर मॅडम पुण्याकडच्या. इलाजासोबत दुखणं मोजायचा त्यांचा अभ्यासही चालायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "शून्य ते दहा, किती दुखतं?"

धान पिकवणारे एक आजोबा म्हणाले, "खंडीभर."

"दहापैकी सांगा ना, आजोबा."

"खंडीत वीस कुडो असतात, बाई. तुमच्या दहात कसं मावन?"

*

दादाचा आकडा कायम चार. घरी कूस बदलताना उशी चावायचा, अन् मॅडमसमोर चार! आकडा पाहून औषध ठरायचं, म्हणून औषधही चारचंच मिळायचं. त्याने एकदा तरी खरं सांगावं, एवढंच मला हवं होतं.

*

एक मशीन अंगठ्यावर दाब द्यायचं. दुखलं की पेशंटने "बस" म्हणायचं. नाकाडोंगरीची एक काकू बसली. दाब वाढला, वाढला, काटा शेवटाला टेकला. काकू चूप!

मॅडमनीच घाबरून मशीन बंद केलं. "अहो, बोलला का नाहीत?"

"तुमचं काम चालू होतं. मधात कशी बोलू?"

*

मॅडम दादाला म्हणाल्या, "मन रमवा, दुखणं विसराल." दादा तलावावर गळ टाकून बसला. संध्याकाळी अनवाणी परत आला.

"विसरला का दुखणं?" मी विचारलं.

"नाही बे. चप्पल विसरलो."

*

एकदा माझं डोकं फिरलं. "मॅडम, चार नाही, नऊ लिहा!"

दादा म्हणाला, "पाठ कोणाची हाय? तुई का माही?"

मॅडमनी लिहिलं, "पेशंट चार, भाऊ नऊ."

*

अभ्यासाला पेशंटच्याच घरातला एक ठणठणीत माणूसही लागतो म्हणे. मी लगेच सही ठोकली. दोघांसमोर बर्फाच्या पाण्याची एकेक बादली. हात बुडवायचा, सहन झालं नाही की काढायचा. मी ठरवलं, आज दादाआधी हात काढायचा नाही. त्याच्या तोंडून खरं काढतोच!

थोड्या वेळात माझी बोटं जळायला लागली. मी ओठ चावला. डोळ्यांत पाणी आलं. दादा आरामात पंख्याकडे पाहत बसलेला. मग त्याने माझ्याकडे वळून पाहिलं अन् झटकन हात बाहेर काढला.

"हरला!" मी ओरडलो.

मॅडमनी पेन उचललं. "किती दुखलं?"

"दहा."

मॅडम चमकल्या. "हात एवढा दुखला?"

"हाताले काही नाही झालं जी," दादा म्हणाला. "याच्याकडं पाहवत नव्हतं."