अर्धी ग्रंथी राखणाऱ्या सुनंदाताई

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात डॉ. सुनंदा केळशीकर तळमजल्यावरच्या आमच्या लॅबमध्ये आल्या. सर्जन मंडळी सहसा आमच्याकडे फिरकत नाहीत. रिपोर्ट स्क्रीनवर वाचून मोकळी होतात. सुनंदाताईंनी मात्र खुर्ची ओढली आणि स्लाइड मलाही दाखवा म्हणाल्या. मला रागच आला. माझ्या कामावर यांचा भरवसा नाही की काय, असं वाटलं. पुढे कळलं, थायरॉइडच्या गाठीला हात लावण्यापूर्वी तिच्या पेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या, हा त्यांचा नेमच आहे.

या नेमाचं मोल मला फिलोमिनामुळे समजलं. ती मूळची वसईची, इथे शाळेत शिक्षिका. गळ्यातल्या गाठीची सुईने तपासणी दुसरीकडे झाली होती आणि कर्करोगाचा संशय लिहून आला होता. ताईंनी त्या स्लाइड मागवून घेतल्या. थायरॉइडची एक दुर्मिळ, निरुपद्रवी गाठ असते. सुईने काढलेल्या तिच्या पेशी थेट कर्करोगासारख्या दिसतात. ही तीच असावी, असं आम्हा दोघांना वाटलं, पण गाठ काढल्याशिवाय खात्री होणार नव्हती. गाठ असलेली अर्धी ग्रंथीच काढावी, असं ताईंनी सुचवलं.

फिलोमिना ऐकेना. "डॉक्टर, मला रिस्क नको. सगळंच काढून टाका ना. माझी मुलं लहान आहेत."

ताई म्हणाल्या, "रिपोर्ट वाईट आला तर मी परत ऑपरेशन करीन. पण चांगली ग्रंथी एकदा काढली, की ती मला परत बसवता येत नाही."

पूर्ण ग्रंथी काढली तर जन्मभराच्या गोळ्या, आवाजाच्या नसांना वाढणारा धोका, हे सगळं त्यांनी तिच्या नवऱ्यालाही बसवून मराठीतून समजावलं. निर्णय तिच्यावर सोपवला. दोन दिवसांनी तिने होकार कळवला.

ऑपरेशननंतर गाठीचे काप मायक्रोस्कोपखाली ठेवले, तेव्हा ताई माझ्या शेजारीच होत्या. खास रंग देऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं. शंका उरली नाही. ताईंनी तिथूनच फोन लावला.

"फिलोमिना, कॅन्सर नाही."

पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं. वर क्लिनिकमध्ये पेशंट खोळंबले होते, तरी तिचं रडणं थांबेपर्यंत ताईंनी फोन ठेवला नाही. इतकी वर्षं मी स्लाइड वाचत आलो. प्रत्येक स्लाइडमागे कुणीतरी श्वास रोखून बसलेलं असतं, हे त्या दिवशी कानांनी ऐकलं.

ताईंना आता साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, हात असाच स्थिर राहो, आणि असे फोन करण्याचं भाग्य त्यांना पुढची पुष्कळ वर्षं लाभो.