बकुळाकाकीचा फोटो

हर्ण्याच्या बंदरावर गंगाराम फोटोवाल्याला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. पण त्याच्या बायकोचा, बकुळाकाकीचा, धड एक फोटो पाहिलेला माणूसही सापडायचा नाही. आहे की नाही गंमत? अख्ख्या गावाची लग्नं, बारशी, नव्या होड्यांच्या पूजा ज्या घरातून कागदावर उतरल्या, त्या घरात घरधनीणच कुठे नाही. लग्नातला म्हणून एक आहे, पण त्यातही तिने पदर असा काही ओढून धरलाय की नवरी बसलीय का लुगड्यांचं गाठोडं ठेवलंय, देव जाणे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गंगाराम तसा दर्यावर जाणाऱ्या घरातला. पण होडी पाण्यातल्या किल्ल्याला वळसा घालते न घालते तोच हा काठावर वाकून ओकायला लागायचा. शेवटी बाप म्हणाला, "मेल्या, तू माशांना खायला घालत बसलास तर मी त्यांना धरायचं कधी?" आणि त्याला दापोलीच्या एका फोटो स्टुडिओत नेऊन बसवला. तिथे तो शिकला, आणि हर्ण्यात येऊन त्याने स्वतःचं दुकान मांडलं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये डार्करूम.

बकुळा बुरोंडीची. लहानपणी तिला देवी आल्या. पोर वाचली, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत व्रण ठेवून देवी गेल्या. लग्न जमवताना तिचा बाप कुणाला फोटो पाठवायचाच नाही. "पोरगी येऊन बघा," म्हणायचा. आणि बघायला आलेले चहा पिऊन, हवापाण्याच्या गोष्टी करून निघून जायचे. गंगाराम आला, चहा प्याला आणि म्हणाला, "मला पसंत हाय." एवढंच. का पसंत, हे त्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. विचारायची तिला भीतीच वाटायची.

तर ह्या बाईच्या नशिबी काम काय यावं? लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसायचं! फोटोच्या धंद्यात त्याला टचिंग म्हणत. तेव्हा मोठा, एकशेवीसचा रोल चालायचा. त्याची निगेटिव्ह चौकोनी, चांगली तळहातावर ठेवून बघावी एवढी. चेहऱ्यावर जिथे डाग, तिथे निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं, भिंग लावायचं आणि तो ठिपका हलक्या हाताने भरून टाकायचा. मग कागदावर गाल कसा, नुकत्याच धुतलेल्या शहाळ्यासारखा. कोळंबीचे सोडे सोलून सोलून बकुळाची बोटं आधीच तयार झालेली. गंगारामने एकदा दाखवलं आणि ती त्याच्याही पुढे गेली. पुढे लहान रोल आले, स्वस्तात भरपूर फोटो देणारे. बाकीच्यांनी ते घेतले. गंगाराम मोठ्या रोलवरच अडून बसला, कारण चिंगळीएवढ्या निगेटिव्हवर बकुळाची पेन्सिल चालायची नाही.

सगळेच खूश व्हायचे असं मात्र नाही हां. एकदा काशी नावाची मासेवाली आपल्या लेकाच्या, शिवाच्या लग्नाचा फोटो घेऊन ताडताड आली. "गो बकुळे, माझ्या शिवाच्या गालावरचा तीळ खंय घातलास? तो तीळ त्याच्या बापाचा हाय!" सगळा बाजार जमला. बकुळाने निमूटपणे बारीक कुंचला घेतला आणि शाईने तीळ परत लावून दिला. काशी गेली, पण जाताना म्हणाली, "आता कसा माझा झील दिसतो." बकुळा बराच वेळ कुंचला धुवत बसली होती.

स्वतःचा फोटो? नाव काढायची सोय नव्हती. सणावाराला ती नटली की गंगाराम हळूच कॅमेरा काढायचा आणि ती तिथूनच ओरडायची, "तो डबा इकडं वळवाल तर आज जेवण नाय, सांगून ठेवतंय!" आणि हा बापडा गप्प कॅमेरा परत तांदळाच्या पिंपात. हो, पिंपातच. खाऱ्या हवेने भिंगाला बुरशी धरते, म्हणून ह्यांचा कॅमेरा वर्षानुवर्षं तांदळात झोपलाय.

त्यांची लेक योगिनी बापावर गेली. मुंबईत सोन्याचांदीच्या दागिन्यांचे फोटो काढते. तिचं सगळं दोन डगरींवर पाय ठेवून. पोटासाठी मोठ्या सेन्सरचा डिजिटल कॅमेरा, आणि गावी आली की हौसेसाठी बापाचा तो जुना रोलचा. कुणी विचारलं, "दोन्ही कशाला गो?" तर म्हणते, "तुम्ही भात खाता नि भाकरीपण खाता ना?" मागल्या खेपेला तिने आपला डिजिटल आणला आणि बापाच्या जुन्या निगेटिव्ह उजेडाच्या पाटीवर ठेवून, एकेकीचा फोटो काढून टीव्हीवर मोठ्ठा करून दाखवायला लागली. गंगाराम हरखला. आणि मग योगिनी ओरडली, "आये, बघ! ह्या तुझ्या रेघा!" खरंच की. एका नवरीच्या गालावर पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा, एकीत एक विणलेल्या. पोरगी कौतुकाने नाचत होती, पण बकुळाने मान फिरवली. जन्मभर जे कुणाला दिसू दिलं नाही ते ह्या मशीनने भर पडवीत उघडं पाडलं. निर्जीव रेघेला सोडत नाही तो माझ्या तोंडाला काय सोडणार? त्या दिवसापासून तो कॅमेरा तिचा वैरी झाला. योगिनी तो पुसायला बसली की ही उठून चुलीकडे जायची.

ह्या वर्षी शिमगा झाला आणि गंगाराम दारातल्या पायरीवरून पडला. रोजची पायरी. योगिनी रजा काढून आली आणि त्याला रत्नागिरीला डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला, आणि तोही पुढे गेलेला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलीय ती औषधाच्या थेंबांवर राखायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. गंगाराम घरी आला, पाय धुतले, आणि ओल्या पायांनीच चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"बकुळे, दिसतंय तवर तुझा एक फोटो काढू दे गो. मग मी काय मागायचा नाय."

नवऱ्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता तिने. पण बाई पक्की! तिने डोळे पुसले आणि अट घातली. "काढा. पण रोलवर. तिच्या त्या मशीनवर नाय. आणि टचिंग मी करणार. त्याच्याआधी कागदावर काढायचा नाय."

"कबूल," गंगाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पडवीत मऊ उजेड असताना, बकुळा खुर्चीवर बसली. अबोली माळलेली, हिरवं इरकल, हात मांडीवर, आणि चेहरा फाशी द्यायला नेल्यासारखा. गंगारामने पिंपातून कॅमेरा काढला, पोटाशी धरला, वरून काचेत डोकावला. डोकावून राहिला. मान पुढे, मान मागे. योगिनी म्हणाली, "बाबा, फोकस मी बघू?" तो खेकसला, "फोकस माझा मी बघतंय. तू बाजूला हो." एवढा खेकसणारा माणूस नव्हे तो. मग सावकाश, एकेक करून, त्याने सगळा रोल तिच्यावर संपवला. शेवटच्या दोनतीन फोटोंना तर ती हसलीसुद्धा.

रोल त्याने स्वतः धुतला. त्याला तिथे डोळे लागत नाहीत, सगळं काळोखातलंच काम. वाळल्यावर दारात उजेडाला धरला आणि त्याचा चेहरा फुलला.

"गो, बघ तरी! एक ठिपका नाय! कसा उजेड पडला होता बघ. तुझी पेन्सिल लावायचीच गरज नाय!"

बकुळाने निगेटिव्ह घेतली. टचिंगच्या दिव्याच्या पेटीवर ठेवली आणि भिंग लावलं. तिच्या खुर्चीमागचं दार अगदी स्वच्छ आलेलं, फळीची शीर न् शीर मोजावी असं. आणि पुढे बसलेली बकुळा मात्र भाताच्या वाफेआडून बघावी तशी. डोळ्याच्या पापण्या नाहीत, नाकाची कड नाही. दुसरी बघितली. तिसरी बघितली. सगळ्या तशाच. व्रण नव्हते कारण तीच नव्हती.

योगिनीने आईच्या खांद्यावरून पाहिलं आणि तोंड उघडलं. बकुळाने तिचं मनगट घट्ट दाबलं.

दारात तो बापडा उभा, वाट बघत. "कसा आलाय?"

आता खरं सांगते, बकुळाच्या मनात आलंच. राहू दे की! जन्मभर हेच तर हवं होतं. गुळगुळीत चेहरा, पेन्सिलीशिवाय. ह्याचा मोठा फोटो करून भिंतीला लावला तर कुणाच्या बापाला कळणार आहे? तो सुखी, मी सुखी. पण मग दुसरा विचार आला. ह्यांना समोर बसलेली मी अशी दिसते? कधीपासून? सकाळी चहा देते तेव्हा हे ह्या वाफेला बकुळा म्हणून हाक मारतात? आणि उद्या ही वाफसुद्धा गेली म्हणजे? माझा चेहरा ह्यांच्याजवळ राहायचा तो हाच, न माझा न कुणाचा? छे, छे. नाही सोसवलं तिला ते. व्रणांची लाज होती, पण विसरलं जायची भीती त्याहून मोठी निघाली.

"चांगला आलाय," ती म्हणाली. खोटं बोलली? बोलली. देव तिचं भलं करो. "पण हा माझ्यासाठी. तुमच्यासाठी दुसरा काढूया. योगिने, तुझा तो कॅमेरा आण."

दोघंही बघत राहिले. गंगारामला वाटलं चेष्टा करते. "अगो, त्याच्यात भोक न् भोक येतं. तूच म्हणतेस ना?"

"येऊ दे," बकुळा म्हणाली आणि जाऊन त्याच खुर्चीवर बसली. ह्या खेपेला पदर मागे सारून, चेहरा सरळ उजेडात. हात मात्र तिने मांडीखाली घातले.

योगिनीने कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला. हा कॅमेरा डोळा स्वतःच शोधतो. शोधला की त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटते. बटण तिने बापाच्या बोटाखाली दिलं. गंगारामने दाबलं. एकदाच. मग तिने तार टीव्हीला जोडली आणि फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की सगळ्या पडद्यावर फक्त आईचा डावा गाल आणि एक डोळा. बकुळा खाली जमिनीकडे बघत होती. तिच्याने वर बघवेना.

गंगाराम टीव्हीजवळ गेला. जवळ म्हणजे किती, नाक काचेला लागेल इतका. मान तिरकी करून, उरलेल्या नजरेने इंच इंच बघत चालला. मग एका जागी थांबला, बोट टेकवलं.

"हा... हा डोळ्याखालचा. लग्नात अंतरपाट बाजूला झाला ना, तेव्हा पहिला हा दिसलेला मला." बोट सरकलं. "आणि हे दोन शेजारी शेजारी. योगिनी झाली त्या दिवशी ह्यांच्यात घाम साचला होता." त्याचा आवाज फुटला. "किती दिवसांनी दिसलीस गो. किती दिवसांनी."

बकुळाने तोंडात पदर कोंबला. योगिनी तर उघड उघड रडत होती.

पण फोटोवाला तो फोटोवालाच. रडता रडताही त्याचं डोकं चालू होतं. बोट काचेवर तसंच ठेवून त्याने मान वळवली.

"बकुळे, हे व्रण मग रोलवर कसे नाय आले?"

बंदराकडून लिलावाचा गलका तेवढा ऐकू येत होता.

"माझा फोकस चुकला ना? सगळ्यांत?"

"व्हय," बकुळा म्हणाली. "सगळ्यांत."

"मग बोलली का नायस?"

"तुम्ही तरी कधी बोललात," बकुळा म्हणाली, "एवढ्या वर्षांत, की माझ्या तोंडावर व्रण हायत म्हणून?"

गंगारामने खांद्यावरच्या पंच्याने नाक पुसलं, डोळे पुसले आणि पुन्हा टीव्हीकडे वळला.

"योगिने," तो म्हणाला, "अजून जरा मोठा कर गो."