बागांमधला सामसूम रस्ता

बाजार करून आम्ही निघालो आणि ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला मी सायकल टेकवली. हे आमचं नेहमीचं. मी हँडल दाबून धरायचं, बायकोनं कठड्यावर चढायचं आणि तिथून कॅरिअरवर बसायचं. कॅरिअरला जुन्या गोधडीची घडी सुतळीनं बांधलेली होती. तिनं मेथीची पिशवी मांडीवर घेतली, एका हातानं माझा सदरा धरला आणि म्हणाली, "हां, चला. आन् खड्डा आला की आदी सांगा."

"खड्डा मला तरी कुठं आदी सांगतो?"

"मग डोळं कशाला दिल्यात देवानं?"

एवढंच. जन्मभर सोबत राहिलो आणि शेवटचं साधं बोलणं झालं ते खड्ड्याचं.

राहात्याहून आमची वस्ती हायवेनं जवळ पडते. पण हायवेला मी भितो, हे लपवत नाही. शिर्डीच्या गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. त्यात उसाच्या ट्रॉल्या. एकदा ट्रॉलीबाहेर आलेलं उसाचं टिपरं माझ्या बाहीत अडकलं आणि मी ओढला गेलो. खरचटण्यावर निभावलं, पण त्या दिवसापासून मागून इंजिन वाजलं की मी सायकल कडेला घेऊन उतरतो. म्हणून मी पाटाचा रस्ता धरला. मुरमाचा आहे, लांबचा आहे, पण सामसूम. एका अंगाला पाट आणि बाभळी, दुसऱ्या अंगाला द्राक्षाच्या बागाच बागा. लोखंडी अँगल, त्यावर तारा, तारांवर वेल. सावलीसावलीनं जायचं. चेनचा आवाज तेवढा येतो.

लेकीचा मुलगा फ्रान्सला नोकरीला आहे. त्यानं मागं एक व्हिडिओ पाठवला होता. तिकडच्या द्राक्षांच्या बागा, त्यातून गुळगुळीत रस्ता आणि आमच्या वयाची माणसं अर्ध्या चड्ड्या घालून सायकली चालवताहेत. हौसेनं. तो म्हणाला, मुद्दाम असले गाड्या नसलेले रस्ते शोधून फिरतात. आमच्या मुलाच्या मोठ्या फोनवर तिनं तो तीनदा बघितला. मग म्हणाली, "बाया सवता चालवत्यात बगा. न्हाई तर तुमी. मला गोनीवानी मागं टाकता."

तेव्हापासून मी पाटाच्या रस्त्याला फ्रान्स म्हणायचो. "चल, फ्रान्सवरनं जाऊ."

"तिथं मानूस तरी दिसतंय," ती म्हणायची. "तुमच्या फ्रान्सात कुत्रं बी न्हाई. पडलो झडलो तर कोन उचलायचं?"

"मी हाय की."

हे मी किती वेळा म्हणालो असेन.

आता फोनचं सांगतो, कारण खरं तेच सांगायचं आहे. आमच्या बोअरच्या मोटारीला मोबाईलवाला स्टार्टर आहे. त्याच्या पेटीत सिमकार्ड असतं. त्या नंबरावर कुणीही फोन केला की पेटी तो उचलते आणि मोटार चालू होते, शेतात जावं लागत नाही. ते सिम बंद पडलं आणि सिमशिवाय ती पेटी हातानंही मोटार चालू करीना. मी नवीन आणायला गेलो, तर दुकानातलं मशीन माझा अंगठा घेईना. सगळी बोटं टेकवून बघितली. छाटणीच्या कात्रीनं आणि खोऱ्यानं रेघाच राहिल्या नाहीत बोटांवर. दुकानवाला म्हणाला, "बाबा, तुमी हायेत का न्हाई तेच कळंना." हसलो आणि परत आलो. मुलगा म्हणाला, परवा मी आणतो. पण पेरूची बाग सुकत होती. मग आदल्या संध्याकाळी मी आमच्या दोघांच्या फोनमधलं सिम काढलं आणि मोटारीच्या पेटीत घातलं. दोन दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं. कुणाला सांगितलं नाही. तो फोन खरा तिचाच. रोज चार वाजता लेक फोन करायची आणि दोघी तासभर बोलायच्या. सांगितलं असतं तर तिनं मला उभं केलं नसतं. सकाळी तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, "रेंज न्हाई."

आणि रिकामा फोन खिशात घालून बाजाराला गेलो. सवयीनं.

निम्म्या रस्त्यात ती म्हणाली, "थांबा."

मला वाटलं पिशवी घसरली. मागं वळून बघितलं तर तिचं तोंड घामानं भिजलेलं, ओठ पांढरे. उतरवली. बाभळीखाली बसवली. ती छातीवर हात फिरवत म्हणाली, "हितं दगड ठेवल्यावानी झालंय."

मी इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नाही. माल तुटून गेलेला, वेलींची उन्हाळी खरड छाटणी अजून लागायची होती. या दिवसांत बाग सोडून दिलेली असते. माल असताना पाखरं हाकायला माणसं असतात, डबे वाजतात, ट्रॅक्टर फिरतात. आता नुसती पानं. मी हाका मारल्या. "ओ, कुनी हाय का?" हाक बागेत गेली आणि तिकडंच राहिली. मी माझ्या आयुष्यात तेवढा भ्यालो नव्हतो. टिपऱ्यानं ओढलं तेव्हासुद्धा नाही.

ती म्हणाली, "आरडता काय? पोराला फोन करा. टेम्पो घिऊन यील."

मुलाचा टेम्पो वस्तीवर उभा होता. तिथून पाट म्हणजे पंधरा मिनिटं.

मी फोन काढला. ती माझ्याकडं बघत होती. काय सांगू? सांगायला पाहिजे होतं. पण तिचे डोळे असे होते की माझी जीभ उचलेना. मी मुलाला लावायचं दोन नंबरचं बटण दाबून धरलं, फोन कानाला लावला. आत काहीच नव्हतं. मी म्हणालो, "हां बाळा, पाटावर ये. आईला बरं वाटंना. टेम्पो घिऊन ये. हां. हां."

"काय म्हनला?"

"निगालाय."

ती थोडी सैल झाली. माझा सदरा धरून रस्त्याच्या टोकाकडं बघत राहिली. मी म्हणालो, "मी सायकलनं पुढं जाऊन बगतो." तर तिची मूठ घट्ट झाली. "नगा जाऊ. येतोय न्हवं तो? मग कशापाई जाता?"

माझ्याच खोट्यानं मला तिथं बांधून घातलं. तो येत नाही हे सांगितलं असतं तर तिनं मला सोडलं असतं. मी नाही सांगितलं. तिच्या पदरानं वारा घालत बसलो. ओंजळीनं पाटाचं पाणी आणून तोंडावर मारलं. ती मधेच म्हणायची, "आला का वो?" मी म्हणायचो, "वस्तीकडल्या मोरीपातुर आला आसंल."

मग तिनं विचारायचं बंद केलं.

दूधवाला कॅन लावून फटफटीवरनं आला तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं त्याच्या फोनवरून मुलाला लावला. टेम्पो खरंच पंधरा मिनिटांत आला. दवाखान्यात डॉक्टरनं तिचा हात परत गादीवर ठेवला. म्हणाला, हृदय बंद पडलं. थोडं आधी आणलं असतं तर, एवढं बोलून माझ्याकडं बघितलं आणि पुढचं गिळलं.

मुलानं दाराबाहेर विचारलं, "आण्णा, मला फोन का न्हाई केला?"

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

लेक आल्यावर रात्रीच तिला मसणात पोचवली. भावकीतले म्हणत होते, व्हय, पाटावर ह्या कंपनीची रेंज लईच बेकार. जो तो मान हलवत होता. भीती आता तिच्या जाण्याची नव्हती, ते होऊन गेलं होतं. भीती मुलाची होती. लेक रडत रडत म्हणाली, "मी चारला फोन लावला हुता. उचलला गेला, पन आई बोललीच न्हाई. नुसती घरघर ऐकू येत हुती." सगळ्यांना वाटलं, ती आईचीच घरघर. लेक तेच धरून बसली. ती मोटार होती, हे मला एकट्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी उठलो. घर आडवंतिडवं झोपलेलं. बोअरकडं गेलो. पेरूची बाग पाण्यात उभी होती. लेकीच्या फोननं मोटार चालू झाली, लाइट जाईपर्यंत उपसत राहिली. तिकडं तिची आई घोटभर हवेला महाग झाली होती आणि इकडं पाणी बांध फोडून वाटेवर आलं होतं. थोड्या वेळानं मुलगा उठणार, हे बघणार, पेटी उघडणार.

मी चिखलात उतरलो. पेटी उघडून सिम काढलं, सदऱ्याला पुसलं. ते दोनदा हातातून निसटलं. फोनमध्ये घातलं. रेंजच्या काड्या आल्या, सगळ्या. मग मी दोन नंबरचं बटण दाबून धरलं.

घरात मुलाचा फोन वाजला तो मला तिथवर ऐकू आला. त्याच्या फोनवर या नंबराला आईचं नाव आहे. लई वेळ वाजला. मग उचलला, पण बोलला कुणीच नाही. नुसता श्वास येत होता.

"मी हाय, बाळा," मी म्हणालो. "बोअरपाशी ये. काल मी तुला फोन लावलाच नव्हता."

तो दारात आला. फोन अजून कानालाच होता. ओट्यावरून त्यानं पाण्यात बुडालेली बाग बघितली, मला बघितलं आणि चप्पल न घालता तसाच चिखलात उतरला. मी फोन बंद केला नाही. तो जवळ येईपर्यंत सगळं सांगत राहिलो.