भुलाबाई, पाहुण्यांच्या सवडीने

बार्शीटाकळीजवळच्या एका गावात शकुन दीड एकरात झेंडू, शेवंती पिकवते आणि अकोल्याच्या बाजारात स्वतः बसून विकते. वय एकसष्ट. भुलाबाईची गाणी तिला तोंडपाठ. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गावातल्या पोरी रोज संध्याकाळी भुलाबाईची मूर्ती मांडून गायला तिच्याच अंगणात जमतात.

यंदा दिवाळीनंतर अमरावतीच्या एका पर्यटन कंपनीच्या गाइडचा फोन आला. पुण्याचे बावीस पाहुणे 'अस्सल वऱ्हाडी सण' अनुभवायला येणार होते.

"भुलाबाई कोजागिरीलेच नदीत शिरवली," शकुन म्हणाली. "आता परत काहून बसवू?"

"काकू, त्यांना सुट्टी आत्ता मिळाली," गाइड म्हणाला. देवीनं तेवढं समजून घ्यायचं होतं.

सून रागिणीनं गळ घातली, "पाहुणे येऊन राहिले, आत्याबाई. गाणी तरी आयकवा." शकुननं मूर्ती मांडली नाही. नुसत्या पाटाभोवती गायचं ठरलं.

बस भर दुपारी आली. गाइडनं आधी शकुनचा चष्मा उतरवला, फोटोत तो अस्सल वाटत नव्हता. पाहुण्यांनी फेर धरला नाही, मोबाइल धरले. एक बाई दर कडव्याला "आमच्या भोंडल्यात असं नसतं" म्हणून दुरुस्ती करत होत्या. सासूला नावं ठेवणारं गाणं लागलं, तेव्हा एकानं रागिणीला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला फार त्रास देतात का हो?"

"लय," रागिणी म्हणाली. "गाण्यात चुकली का बोलतात."

शेवटी शकुननं खिरापतीचा झाकलेला डबा हलवला. "वळखा. वळखल्याबिगर उघडत नसतात."

"मोदक?"

"पुरणपोळी?"

तिसऱ्या अंदाजाला पाहुण्यांची संस्कृती संपली. गाइड घड्याळ पाहत म्हणाला, "काकू, सांगून टाका ना."

"सांगाचंच असतं तं झाकला कायले असता?"

बस निघून गेली. सकाळपासून तिनं तीस माणसांपुरत्या चवळीच्या शेंगा उकडल्या होत्या. पाहुणे उपाशी गेले म्हणून तिला वाईट वाटलं. मग शेजारच्या आचलनं डब्याचा वास घेतला आणि ओरडली, "बरबटी!" ओळखल्यावर डबा उघडला, आणि गायला आलेल्या गोदाबाई, पार्बताबाई अन् बाकी बायांनी तो फस्त केला.

आठवड्यानं रागिणीनं मोबाइलवर कंपनीचा मजकूर वाचून दाखवला. शकुनच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'भुलाबाई गाणारी वऱ्हाडातली शेवटची आजी.'

"शेवटची?" शकुन भडकली. "अन् गोदाबाई, पार्बताबाई काय मेल्या का?"

तिनं तिथूनच कुंपणापलीकडे हाक मारली, "ओ गोदाबाई! जित्त्या आहा ना?"